रेस दिली की स्पीकरमध्ये शिट्टी: गाडीतल्या कंप्युटरवरून गाणी ऐकताना येणारा आवाज कसा शोधायचा

गाडीत छोटा कंप्युटर बसवला, त्यात वर्षानुवर्षं जमवलेली गाणी भरली, डॅशबोर्डवर पडदा लावला. इंजिन बंद असताना गाणं इतकं स्वच्छ वाजतं की सगळ्या खटाटोपाचं चीज झालं असं वाटतं. मग चावी फिरते, इंजिन सुरू होतं आणि गाण्याच्या मागे एक बारीक शिट्टी उभी राहते. रेस दिली की ती चढते, पाय काढला की उतरते. गाणं थांबवलं तरी ती थांबत नाही.

ही तक्रार मी माझ्या स्वतःच्या दोन गाड्यांत आणि ओळखीतल्यांच्या बऱ्याच गाड्यांत निस्तरली आहे. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी मी पोचेपर्यंत एखादा नॉइज फिल्टर बसवून झालेला असतो आणि शिट्टी जशीच्या तशी असते. आवाज कोणत्या वाटेने आत येतो हे न बघताच फिल्टर लावला, तर तो योग्य वाटेवर बसला असेल याची काही खात्री नाही. म्हणून या कामात माझा क्रम ठरलेला आहे: आधी एकेक गोष्ट काढून बघायची, नवीन काही जोडायचं ते अगदी शेवटी. सुरुवातीच्या तपासण्यांना काहीही विकत घ्यावं लागत नाही आणि निम्म्याहून जास्त गाड्यांचं उत्तर तिथेच सापडतं.

आधी नुसतं ऐका

सगळे नको असलेले आवाज एकाच कारणाचे नसतात. गाडी मोकळ्या हवेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम कधीही करू नका, धूर जीवघेणा असतो. गिअर न्यूट्रलमध्ये किंवा पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, गाणं थांबवलेलं, आवाज नेहमीच्या पातळीवर. आता कान द्या.

शिट्टी रेसबरोबर चढत-उतरत असेल तर ती अल्टरनेटरची. हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे.

इंजिनचा काही संबंध नाही, पण पडद्यावर काही हललं, गाणं बदललं किंवा डिस्क वाचायला लागली की किरकिर होते, तर तो कंप्युटरचा स्वतःचा आवाज. बाहेर जाण्याची त्याची वाट बहुतेक वेळा तीच असते, म्हणून खालच्या तपासण्या त्यालाही लागू पडतात.

एकसारखी 'स्सस्स', इंजिन चालू असो वा बंद, कशानेही न बदलणारी: अँपचा (स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरचा) गेन, म्हणजे आत आलेला सिग्नल किती पटीने वाढवायचा ते ठरवणारं बटण, जास्त ठेवलेला आहे. लगेच खाली त्याबद्दल लिहिलं आहे.

इंजिन बंद, फक्त इग्निशन चालू, आणि तरी एकाच पट्टीतली घरघर: इंधनाचा पंप किंवा एसीचा ब्लोअर. ब्लोअर बंद करून बघा, दहा सेकंदांत निकाल लागतो.

रेसबरोबर वेग वाढणारी 'टिक टिक टिक': इग्निशन. ती बहुधा रेडिओ ऐकताना अँटेनातून येते. कंप्युटरवरच्या गाण्यात ती ऐकू येत असेल तर ऑडिओ केबल इंजिनच्या वायरिंगच्या फार जवळून गेली आहे.

शिट्टी अशी का चढते, ते एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. अल्टरनेटर तीन फेजची वीज तयार करतो आणि आतले डायोड तिची डीसी करतात. ही डीसी अगदी सपाट नसते, तिच्यावर बारीक तरंग राहतात. नेहमीचा १२ ध्रुवांचा अल्टरनेटर घेतला तर त्याच्या एका फेरीत असे ३६ तरंग उठतात. इंजिनच्या एका फेरीला अल्टरनेटर साधारण अडीच फेऱ्या मारतो असं धरा. म्हणजे इंजिन ८०० आरपीएमवर आयडलिंग करत असताना अल्टरनेटर २००० वर फिरतो, आणि तरंगांची वारंवारता येते १२०० हर्ट्झ. रेस देऊन २४०० आरपीएमवर नेलं की तीच ३६०० हर्ट्झ. आपला कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात. एवढासा तरंग इतका टोचतो तो त्यामुळे.

गेनची मांडणी

ही फुकट तपासणी आहे आणि लोक हटकून ती टाळतात. कंप्युटरवरच्या प्लेअरचा आवाज ३० टक्क्यांवर आणि अँपचा गेन पूर्ण उघडलेला, हे दृश्य मी असंख्य वेळा पाहिलं आहे. शिट्टी केबलमध्ये शिरते, म्हणजे कंप्युटरच्या पुढे आणि अँपच्या आधी. अँप गाणं आणि शिट्टी दोन्ही सारख्याच पटीने वाढवतो. मग कंप्युटरमधून निघतानाच गाणं जेवढं मोठं, तेवढी शिट्टी त्याच्या तुलनेत लहान.

अँपचा गेन पूर्ण उतरवा. प्लेअरचा आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा आवाज दोन्ही ९० टक्क्यांच्या वर न्या. गाणं लावा आणि मग अँपचा गेन हळूहळू उघडा, पुरेसा मोठा आवाज मिळाला की थांबा. मोठ्या आवाजात गाणं फाटायला लागलं तर प्लेअर थोडा खाली घ्या. काही गाड्यांत एवढ्यानेच शिट्टी इतकी मागे जाते की चालत्या गाडीत ती सापडत नाही. मूळ दोष त्याने जात नाही हे खरं, पण पुढचं काम कितपत निकडीचं आहे ते कळतं.

कंप्युटरच्या जागी फोन

अँप बंद करा. कंप्युटरला लावलेली ऑडिओ केबल काढा आणि तीच केबल फोनला लावा. फोन चार्जिंगला नको, नुसत्या स्वतःच्या बॅटरीवर. फोनला ऑडिओ जॅक नसेल तर बॅटरीवर चालणारा कोणताही जुना म्युझिक प्लेअर चालेल. अँप चालू करा, इंजिन चालू करा, रेस द्या.

शिट्टी गेली, तर केबल आणि अँप ठीक आहेत, दोष कंप्युटरच्या बाजूला आहे. शिट्टी राहिली, तर कंप्युटर निर्दोष आहे आणि तुम्ही केबल, अँप किंवा हेड युनिटकडे (डॅशबोर्डवरच्या स्टिरिओकडे) वळायचं.

आता फोन गाडीतल्या सॉकेटमधून चार्जिंगला लावा. बहुतेक गाड्यांत त्या क्षणी शिट्टी परत येते. हे स्वतःच्या कानांनी ऐकलं की अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह) लूप म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फोन तोच, केबल तीच, गाणं तेच. फरक एवढाच की फोनला गाडीच्या निगेटिव्हकडे जाणारी दुसरी वाट मिळाली. एक वाट ऑडिओ केबलच्या शील्डमधून (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून) अँपकडे आणि तिथून बॉडीला, दुसरी चार्जरमधून बॉडीला. दोन वाटांचं एक वेटोळं तयार झालं. गाडीची बॉडी लोखंडाची असली तरी तिच्या दोन टोकांत थोडा व्होल्टेजचा फरक असतोच, कारण हेडलाइट, ब्लोअर, पंप सगळ्यांचा करंट तिच्यातूनच परततो. तो फरक शील्डमधून वाहायला लागतो, आणि शील्ड म्हणजे तुमच्या गाण्याच्या सिग्नलची अर्धी बाजू.

तरंग किती लहान असला तरी पुरतो बघा. ऑडिओ केबलमधला सिग्नल जास्तीत जास्त १ ते २ व्होल्टचा. गाण्याच्या सुरुवातीचा हळुवार आलाप त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका, म्हणजे १० ते २० मिलिव्होल्टचा. शील्डमध्ये १० मिलिव्होल्टचा तरंग घुसला तर आलाप आणि शिट्टी मांडीला मांडी लावून बसतात.

कंप्युटर पॉवर बँकेवर

आता अँप बंद करून फोन काढा, केबल परत कंप्युटरला लावा, आणि कंप्युटरचा गाडीकडून येणारा सप्लाय काढून त्याला पॉवर बँकेवर चालवा. रास्पबेरी पायसारखा बोर्ड (तळहाताएवढा कंप्युटर) ५ व्होल्टवर चालतो. रास्पबेरी पाय ४ ला ३ अँपिअरपर्यंत लागू शकतात, पण पाच मिनिटं नुसती गाणी वाजवायला बरी पॉवर बँक पुरते. कंप्युटर १२ व्होल्टचा असेल तर यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी वापरा, मात्र तिच्या पॉझिटिव्हला फ्यूज लावूनच. ही बॅटरी किंवा पॉवर बँक गाडीच्या धातूला टेकू देऊ नका, सीटवर ठेवा.

शिट्टी गेली, तर लूप सप्लायच्या वायरमधून आहे. पुढचा रस्ता सरळ आहे.

शिट्टी राहिली, तर कंप्युटरला बॉडीकडे जाणारी आणखी एखादी वाट आहे. ती शोधताना माणूस हमखास चुकतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

कंप्युटरला जोडलेली प्रत्येक वायर एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी ऐका. पडद्याला सप्लाय गाडीतून आणि चित्र एचडीएमआय केबलने कंप्युटरमधून येत असेल, तर ती केबल हीच दुसरी वाट. जीपीएसचा किंवा रेडिओचा अँटेना बॉडीवर बसवलेला असेल तर त्याच्या केबलचं शील्ड बॉडीला लागलेलं असतं. रिव्हर्स कॅमेरा, बाहेरून सप्लाय घेणारा यूएसबी हब, त्याच कंप्युटरच्या यूएसबीला लावलेला पण दुसऱ्या चार्जरशीही जोडलेला फोन, हे सगळे संशयित.

आणि खुद्द डबा. एका गाडीत आम्ही चांगला आयसोलेटेड सप्लाय (ज्याची निगेटिव्ह गाडीच्या निगेटिव्हपासून वेगळी असते) लावला होता, पडदा काढला, अँटेना काढला, कंप्युटर पॉवर बँकेवर घेतला, तरी शिट्टी हलेना. शेवटी कंप्युटर उचलून हातात धरला आणि शिट्टी बंद झाली. खाली ठेवला, परत सुरू. अॅल्युमिनियमचा डबा सीटखालच्या लोखंडी पट्टीला चार स्क्रूंनी आवळलेला होता आणि एचडीएमआय सॉकेटची धातूची कड डब्याच्या खाचेला एका बाजूने टेकत होती. त्या सॉकेटचं आवरण आतून बोर्डच्या निगेटिव्हला जोडलेलं असतं. डबा आणि पट्टी यांच्यामध्ये रबराची चकती, स्क्रूंना नायलॉनचे वॉशर, एवढ्यावर काम झालं. तेव्हापासून कंप्युटर हातात उचलून बघणं ही माझी ठरलेली तपासणी आहे.

केबल कार्पेटखालून काढण्याआधी

ऑडिओ केबल एका बाजूने न्या, पॉवरची दुसऱ्या बाजूने, ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो बरोबर आहे. पण त्यासाठी सीट आणि कार्पेट काढणं हे अर्ध्या दिवसाचं काम, आणि माझ्या अनुभवात मूळ दोष तिथे क्वचितच निघतो. आधी एक लांब ऑडिओ केबल घ्या आणि ती सीटच्या वरून, हवेतून, अँपपर्यंत टाका. अँप बंद करून जुनी केबल काढा, ही लावा, अँप चालू करून ऐका. फरक पडला नाही तर कार्पेटला हात लावू नका. फरक पडला तर मेहनत करायला हरकत नाही.

फोनच्या तपासणीतही शिट्टी राहिली होती अशांनी इथे आणखी एक करायचं. अँप बंद करून त्याच्या इनपुटची केबल काढा आणि तिथे शॉर्टिंग प्लग लावा. म्हणजे एक जादा आरसीए पिन (अँपच्या ऑडिओ केबलच्या टोकाला असते तशी गोल पिन) घ्यायची आणि तिचा मधला खांब आणि बाहेरची कडी तारेच्या तुकड्याने जोडून टाकायची. इनपुट नुसतं मोकळं सोडू नका, ते अँटेनासारखं वागतं आणि खोटा निकाल देतं. प्लग लावूनही शिट्टी येत असेल तर दोष अँपमध्ये, त्याच्या अर्थमध्ये किंवा स्पीकरच्या वायरमध्ये आहे. स्पीकरची वायर कुठे सोलून दाराच्या पत्र्याला टेकली आहे का, ते बघा.

प्लग लावल्यावर शांतता, पण हेड युनिटमधून आलेली केबल लावली की शिट्टी, अशी अवस्था असेल तर हेड युनिटच्या आरसीए सॉकेटची बाहेरची कडी आणि गाडीची बॉडी यांच्यात मल्टीमीटरने रेझिस्टन्स मोजा. तो अगदी कमी यायला हवा. काहीच जोड दिसत नसेल तर हेड युनिटच्या आतली निगेटिव्हची बारीक पट्टी किंवा फ्यूज जळालेला असू शकतो. अँप चालू असताना केबल काढ-घाल केली किंवा अँपची अर्थ सैल असली की ती जळते. म्हणूनच वर प्रत्येक ठिकाणी अँप आधी बंद करायला सांगितलं आहे.

कंप्युटरचा स्वतःचा ऑडिओ जॅक

रास्पबेरी पाय ४ वरचा ३.५ मिलिमीटरचा जॅक वापरत असाल तर तो सोडा. त्यातला आवाज पल्स-विड्थ पद्धतीने तयार होतो आणि बोर्डवरची किरकिर त्यात सहज मिसळते. रास्पबेरी पाय ५ वर तर हा जॅकच नाही. छोटा यूएसबी डीएसी (डिजिटल गाण्याचा ऑडिओ सिग्नल करणारा तुकडा) लावा. पडदा हलला की होणारी किरकिर त्याने खूप कमी होते. रेसबरोबर चढणारी शिट्टी मात्र एकट्या डीएसीने जात नाही, कारण यूएसबी केबलमधून निगेटिव्ह तशीच पुढे जाते. शिट्टीसाठी म्हणून डीएसी घ्यायला निघालेल्यांना मी आधी पॉवर बँकेची तपासणी करायला लावतो.

अर्थचा पॉइंट

आता हातात पाना आणि पॉलिश पेपर. कंप्युटरची निगेटिव्ह कुठे आवळली आहे ते शोधा. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून सप्लाय घेतला असेल तर ती निगेटिव्ह बारीक वायरने, इतर चार गोष्टींबरोबर वाटून घेत, डॅशबोर्डमागच्या कुठल्यातरी बोल्टपर्यंत जाते. कंप्युटर तिथे, अँप डिकीत, आणि दोघांच्या अर्थमध्ये अख्खी गाडी.

मोजायचं असं. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर. एक पिन अँपच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी कंप्युटरच्या सप्लायच्या निगेटिव्हवर. आकडा लिहून घ्या. मग बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून त्या दोन्ही ठिकाणांपर्यंत वेगवेगळं मोजा, मीटरची वायर लांब करावी लागेल. १०० मिलिव्होल्टपेक्षा जास्त आलं तर त्या बाजूची अर्थ खराब आहे. मीटरवर दिसतो तो डीसीचा फरक आणि कानाला टोचतो तो त्याच वाटेवरचा तरंग. पण दोघांना वाट एकच असल्यामुळे डीसीचा आकडा वाटेची अवस्था खरी सांगतो.

एका गाडीत अँपचा अर्थ बोल्ट बघायला निर्दोष होता: घट्ट, गंज नाही, रिंग लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) नवा कोरा. मीटरने १८० मिलिव्होल्ट दाखवले. बोल्ट उघडला तर लगच्या खाली गाडीच्या रंगाचा थर जसाच्या तसा, आणि लगने त्यावर फक्त एक पुसट गोल वळ उमटवला होता. सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून जात होता. नाण्याएवढ्या जागेवरचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, परत आवळला. आकडा १२ वर आला. वरून पेट्रोलियम जेली लावली, नाहीतर उघडा पत्रा गंजतो आणि सहा महिन्यांनी परत तेच.

जमत असेल तर कंप्युटरची निगेटिव्ह अँपच्याच अर्थ बोल्टवर आणा. दोघं एकाच बिंदूवर आले की त्यांच्यातला फरक जवळपास नाहीसा होतो. यासाठी पुरेशी जाड वायर वापरा. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरमागे साधारण १७ मिलिओहम देते, छोट्या बोर्डाला ती ठीक आहे. पॉझिटिव्ह थेट बॅटरीवरून घेत असाल तर फ्यूज बॅटरीजवळ, ४५ सेंटिमीटरच्या आत हवाच. फ्यूजच्या अलीकडे वायर घासली तर ती जळताना तिला कोणी अडवत नाही.

अर्थसाठी बोल्ट निवडताना सीटबेल्टचा बोल्ट घेऊ नका, तो जीव वाचवायला बसवलेला आहे. नवीन भोक पाडायच्या विचारात असाल तर पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते आधी बघा. कितीतरी गाड्यांत इंधनाची टाकी मागच्या सीटच्या बरोबर खाली असते. आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असेल तर आपली अर्थ थेट खांबावर नेऊ नका, बॉडीच्या पॉइंटवर न्या. नाहीतर तुमचा करंट सेन्सरला दिसत नाही आणि गाडीचा चार्जिंगचा हिशोब चुकतो.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. लूप तोडायचा म्हणून कंप्युटरची किंवा अँपची निगेटिव्ह वायर कापू नका. शिट्टी जाईलही, पण तो करंट आता ऑडिओ केबलच्या शील्डमधून परतायला लागतो. केबल गरम होते, आणि हेड युनिटमधली ती बारीक पट्टी जळते ती अशानेच.

आयसोलेशन: आता विकत घ्यायची वेळ

पॉवर बँकेवर शिट्टी जात होती, अर्थ सुधारूनही सप्लाय लावला की परत येते, एवढं सिद्ध झालं असेल तरच इथे या. दोन पर्याय आहेत.

पहिला, ऑडिओ केबलमध्ये घालायचा ग्राउंड लूप आयसोलेटर. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, निगेटिव्ह तुटते. दोन मिनिटांत बसतो. पण ट्रान्सफॉर्मर लहान असला की खालचे सूर त्याला पेलत नाहीत, तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा पातळ होतो. ज्याने चांगल्या फाइल्स गोळा करून कंप्युटर बसवला त्याने शेवटी हा तुकडा मध्ये घालावा, हे माझ्या मनाला पटत नाही. तात्पुरता लावून निदान पक्कं करायला मात्र तो उत्तम.

दुसरा, आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर. यात गाण्याच्या वाटेला हात लागत नाही, सप्लायची निगेटिव्हच वेगळी होते. इनपुट ९ ते ३६ व्होल्ट झेलणारा घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर सहसा १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात, पण स्टार्टर फिरताना ते ९-१० पर्यंत घसरू शकतात, आणि नेमका तेव्हा कंप्युटर रीस्टार्ट व्हायला नको. छोट्या बोर्डाला ५ व्होल्टचा २० ते २५ वॉटचा पुरतो.

विकत घेतल्यावर बसवण्याआधी एक गोष्ट तपासा. कन्व्हर्टर कशालाही न जोडता मल्टीमीटर बझरवर ठेवा आणि एक पिन इनपुटच्या निगेटिव्हवर, दुसरी आउटपुटच्या निगेटिव्हवर टेकवा. बझर वाजला तर तो आयसोलेटेड नाही. साधे बक कन्व्हर्टर असेच असतात, दोन्ही निगेटिव्ह आतून एकच. असा कन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी लूप तोडत नाही. आणि खरा आयसोलेटेड लावल्यावरही पडद्याची केबल, अँटेना आणि डबा यांच्या वाटा बंद केलेल्या असायला हव्यात, नाहीतर एका दाराला कडी लावून दुसरं उघडं ठेवल्यासारखं होतं.

बॅटरी आणि अल्टरनेटर

हे सगळं करूनही शिट्टी हलली नाही, किंवा मुळात ती अलीकडेच, आपोआप सुरू झाली आहे, वायरिंगमध्ये काहीच बदल केलेला नसताना, तर अल्टरनेटरकडे बघायची वेळ आली. इंजिन बंद करून बॅटरीची टर्मिनलं हाताने हलवून बघा, ती हलता कामा नयेत. पांढरा-हिरवट थर असेल तर साफ करा. बॅटरी स्वतः तरंग गिळण्याचं काम करते, सैल टर्मिनलमुळे ते काम तिला जमत नाही.

मग इंजिन चालू, हेडलाइट चालू, मल्टीमीटर एसी व्होल्टवर आणि पिना बॅटरीच्या दोन खांबांवर. पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात, बाह्या, ओढणी, केस दूर ठेवा. साध्या मीटरचा एसी आकडा या वारंवारतेला फार अचूक नसतो, पण ढोबळ निदानाला चालतो. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अल्टरनेटर ठीक. ०.५ च्या वर गेला तर आतला डायोड गेल्याचा दाट संशय. डायोड गेला की तरंग मोठे होतात आणि शिट्टीत एक जाडसर गुरगुर मिसळते. अशी गाडी रात्रभर उभी ठेवल्यावर बॅटरी उतरण्याची तक्रारही पुष्कळदा सोबत असते.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'अल्टरनेटर बघण्याची' जुनी युक्ती करू नका. व्होल्टेज क्षणभर इतकं उसळू शकतं की गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा कंप्युटर) आणि तुमचा कंप्युटर दोन्ही जाऊ शकतात.

इथे थांबा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा

एसी आकडा ०.५ व्होल्टच्या वर असेल. चार्जिंगचं डीसी व्होल्टेज १५ च्या वर जात असेल. नवा फ्यूज दुसऱ्यांदा उडाला असेल. त्याच्या जागी मोठा फ्यूज घालू नका. कुठलीही वायर हाताला गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल, तर इंजिन बंद करा आणि सुरक्षितपणे पोचता येत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.

सीटखाली किंवा डॅशबोर्डमागे पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर तो बहुधा एअरबॅगचा. त्यात मीटरची पिनसुद्धा घालू नका, मीटरचा छोटा करंटही धोक्याचा ठरू शकतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत केशरी वायर दिसली की ती उच्च दाबाची, तिथे काम फक्त प्रशिक्षित माणसाचं. गाडी वॉरंटीत असेल आणि पुढची पायरी मूळ वायरिंग कापण्याची असेल, तरीही थांबा.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना 'आवाज येतो' एवढंच सांगू नका. हे सगळं कागदावर लिहून द्या: कंप्युटर पॉवर बँकेवर असताना शिट्टी येते की नाही, शॉर्टिंग प्लग लावल्यावर येते की नाही, बॅटरी ते अँपच्या अर्थपर्यंत किती मिलिव्होल्ट, आणि बॅटरीवर एसी व डीसी किती व्होल्ट. तो कागद हातात असला की त्यांना गाडी पहिल्यापासून उघडायला लागत नाही.